विमानतळावरची पंगत

डोळे मिटा बरं थोडा वेळ. एक लग्नाचा मांडव समोर आणा. पानांच्या लांबच लांब रांगा, उदबत्तीचा वास, आणि आत जिलबीचा घाणा चाललाय. वाढपी ताट घेऊन बाहेर यायच्या बेतात आहे. आता अशी कल्पना करा, की हा वाढपी भलता हुशार आहे. आज जिलबी सगळ्यांना पुरायची नाही, हे त्याला आचाऱ्याच्याही आधी कळतं. मांडवात मात्र कुणालाच पत्ता नाही. लोक हसताहेत, श्लोक म्हणताहेत, पानाभोवती पाणी फिरवताहेत.

सांगा, हा वाढपी आधी कुणाच्या पानावर वाढेल? व्याह्यांच्या? की सकाळपासून जो उपाशी आहे त्याच्या?

उत्तराची घाई नको. ते मनात धरून ठेवा आणि चला माझ्याबरोबर नागपूरच्या विमानतळावर. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातल्या काहींना मिशा फुटतील, तेव्हाचा हा विमानतळ आहे.

जानेवारीतली सकाळ होती. देशाच्या मधोमध असल्यामुळे तोवर नागपूर विमानांचं मोठं जंक्शन झालं होतं. कुठूनही कुठेही जायचं तरी लोक इथे विमान बदलत. तिथल्या दालनात, खांबाला टेकून, मिरजेच्या पाच मुली जमिनीवर फतकल मारून बसल्या होत्या. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण मल्लखांब करणाऱ्या मुलींना खुर्चीत करमत नाही. त्यांच्या बॅगांना एरंडेलाचा वास येत होता. खांबाला रोज एरंडेल चोळतात ना, तो वास मग हातांना, कपड्यांना, अगदी वह्यांनाही लागतो. दुसऱ्या दिवशी दुपारी रांचीला राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी होती. या पाच जणींचा मनोरा तिथे उभा राहायचा होता.

मनोऱ्यात सगळ्यात खाली असायची शर्वरी आवटी. वय बारा, खांदे रुंद, बोलणं कमी. आणि सगळ्यात वर तेजू. वजन मांजराएवढं आणि तोंड तोफेएवढं.

"ए शर्वे, काल रात्री किती भात हाणलास? उद्या खांब मोडतोय बघ."

"खांब नाही मोडत. तूच आपटशील."

"आपटायचं नाव काढायचं नाही," मुजावर बाई मोबाइलमधून मान वर न करता म्हणाल्या. शबनम मुजावर या त्यांच्या प्रशिक्षक. "उतरायचं कसं तेवढं सांगा."

"वरची आधी, खालची शेवटी!" पाचही जणी एका सुरात ओरडल्या, तसे शेजारचे दोघेतिघे दचकले.

हा बाईंचा पहिला धडा होता. मनोरा चढतो खालून वर, पण उतरतो वरून खाली. सगळ्यांत वरची उतरल्याशिवाय मधल्यांना हलता येत नाही, आणि सगळ्या उतरेपर्यंत खालचीने दात आवळून खांब धरून ठेवायचा.

शेजारच्या खुर्चीत शेवंताबाई नावाच्या एक बाई बसल्या होत्या. वर्ध्याकडच्या. मांडीवर स्टीलचा डबा, तो दोन्ही हातांनी गच्च धरलेला. आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसणार होत्या. भुवनेश्वरला लेकीचे दिवस भरत आले होते, आणि तिथे तिचं दुसरं कुणी नव्हतं.

"पोरींनो, त्या पाटीवर भुवनेश्वर हिरवंच हाये ना वो?" त्या दर थोड्या वेळाने विचारत.

"हिरवंच आहे, मावशी."

मग त्या डबा उघडून एकेकीच्या हातावर डिंकाचा लाडू ठेवत. "एकेकच हं. बाकीचे बाळंतिणीचे हायेत."

शर्वरीचे बाबा, विक्रांत आवटी, या सगळ्यापासून जरा दूर येरझाऱ्या घालत होते. पवनचक्क्यांची पाती तपासणाऱ्या एका कंपनीत ते होते. आज कच्छ, उद्या कन्याकुमारी, महिन्यातले अर्धे दिवस आकाशात. मुलीची स्पर्धा बघायला ते पहिल्यांदाच निघाले होते, आणि बसायचं कसं हे विसरल्यासारखे फिरत होते. तेवढ्यात त्यांच्या मनगटावरची पट्टी थरथरली. त्यांनी वाचलं. मग झपझप येऊन शर्वरीजवळ वाकले.

"ऊठ. बॅग घे. काही बोलू नकोस, चल."

शर्वरीने पाटीकडे पाहिलं. रांची हिरवं होतं. सगळंच हिरवं होतं.

"का?"

"वर चल. सांगतो."

"कुठं गं?" तेजूने विचारलं.

"पाणी प्यायला," शर्वरी म्हणाली. आपण खोटं का बोललो, हे तिचं तिलाच कळलं नाही.

काचेच्या लिफ्टमध्ये बाबा हळू आवाजात म्हणाले, "आपलं रांचीचं विमान रद्द होणार आहे."

"पण पाटीवर तर..."

"पाटीला अजून माहीत नाही."

हे कसं शक्य आहे, असं तुम्हालाही वाटलं असेल. ऐका. त्या काळी प्रत्येक विमानाच्या पंखात केसाहून बारीक तंतू बसवलेले असत. हवेतला ओलावा, उष्णता, दाब ते सतत मोजत. हजारो विमानं म्हणजे आकाशभर फिरणारी हजारो मापं. सगळ्यांची मापं एकत्र आली, की कुठल्या गावावर धुकं कधी उतरणार आणि किती वेळ ठाण मांडून बसणार, हे कितीतरी आधी सांगता येऊ लागलं.

आता दुसरी गोष्ट. एक विमान दिवसभरात पाच-सहा गावं करतं. रांचीला जाणारं विमान त्या सकाळी लखनौला उभं होतं. लखनौवर धुकं बसणार, म्हणजे ते नागपूरला येणार नाही, म्हणजे रांचीलाही जाणार नाही. पंगतीत पळी एकच असावी आणि ती पहिल्याच पातेल्यात अडकावी, तसं.

पूर्वीही विमानं रद्द होत. मग लोक काउंटरवर गर्दी करत, आणि पलीकडची माणसं घाम पुसत एकेकाचं तिकीट बदलत. वरचेवर उडणाऱ्या प्रवाशांची रांग तेव्हाही वेगळी असे, त्यांचा फोन आधी उचलला जाई. पण फरक पडायचा तो दहा-वीस माणसांचा. रांग हळूहळू का होईना, सगळ्यांचीच सरकायची. आणि काउंटरवरचा माणूस एखाद्याचा रडवेला चेहरा बघून कधीतरी नियम वाकवायचा.

मग नीलपंख नावाच्या विमान कंपनीने धुकं ओळखणाऱ्या यंत्रणेला वाटपाचं यंत्र जोडलं. कागदोपत्री त्याचं नाव भलंमोठं होतं, पण कंपनीतले लोक त्याला वाढपी म्हणत. विमान रद्द होणार असं कळलं रे कळलं, की जाहीर व्हायच्या आधीच हा वाढपी बाकीच्या विमानांतल्या मोकळ्या जागा वाटायला घेई. क्रम ठरलेला होता. जो जास्त उडाला, तो आधी. अशा प्रवाशांना कंपनी मानकरी म्हणे. यंत्र अचूक, म्हणून मानही अचूक. जिथे दहा-वीस माणसांची आघाडी होती, तिथे आता अख्ख्या पंगतीची झाली. बाकीच्यांना बातमी कळे तेव्हा ताट जवळजवळ रिकामं झालेलं असे.

"आपल्याला भुवनेश्वरच्या विमानात जागा मिळाली," बाबा म्हणाले. "तिथून रात्रीच्या गाडीने रांची. सकाळी पोचतो."

"आपल्याला म्हणजे सगळ्यांना?"

बाबा लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिले. "मला आणि माझ्या एका सोबत्याला. तेवढाच नियम आहे."

मानकऱ्यांच्या दालनात गालिचा इतका मऊ होता, की स्वतःच्याच पावलांचा आवाज येईना. शर्वरीला ते मुळीच आवडलं नाही. काउंटरवरच्या तरुणीच्या छातीवर प्रांजली वासनिक असं नाव होतं. बाबांना बघताच ती हसली.

"या आवटी सर. बिनसाखरेचा, आलं जास्त. आणते."

हिला बाबांचा चहा माहीत आहे, शर्वरीच्या मनात आलं.

"माझी मुलगी," बाबा अभिमानाने म्हणाले. "मल्लखांब करते. नॅशनलला चाललीये. मनोऱ्यात एकदम वर असते!"

"मी खाली असते, बाबा."

"हो?"

"तीन वर्षं झाली."

बाबांनी चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

शर्वरी काचेपाशी गेली. तिथून खालचं दालन दिसत होतं. तेजू कुणाची तरी नक्कल करत होती आणि बाकीच्या लोळून हसत होत्या. त्यांना अजून माहीत नव्हतं. तिला मात्र होतं. ती उजव्या पायावरून डाव्यावर, डाव्यावरून उजव्यावर होत राहिली. आणि मग, तिच्या डोळ्यांदेखत, पाटीवरचं रांची लाल झालं.

अख्खं दालन एकदम उभं राहिलं. मुजावर बाई धावल्या. रांग इतक्या झटक्यात लांबली, की बाईंनी आपली बॅग रांगेत ठेवून नंबर लावला आणि पुढे जाऊन विचारून आल्या. त्या परत आल्या तेव्हाचा चेहरा शर्वरीला एवढ्या वरूनही वाचता आला. तिचा मोबाइल वाजला.

"अगं आहेस कुठे?" बाई विचारत होत्या. "आम्हाला परवाचं विमान देताहेत. परवाचं! उद्या दुपारी स्पर्धा!"

"बाई, मी वर आहे. मला... मला आजचं मिळालंय."

पलीकडे बाईंनी ते मुलींना सांगितलं. मग मागून तेजूचा आवाज आला, "मग जा की! एकटीच कर मनोरा!"

शर्वरी वळली ती थेट बाबांसमोर. "मी एकटी जाऊन काय करू? नुसता खांब धरून उभी राहू?"

"शर्वरी, हा मान मला कुणी फुकट नाही दिला," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला आणि लगेच पडला. "किती दिवाळ्या, किती वाढदिवस..." पुढचं त्यांनी गिळलं. कुणाचे वाढदिवस, हे दोघांनाही ठाऊक होतं.

शर्वरीने काउंटर गाठला. "ताई, खाली माझ्या चार मैत्रिणी आणि आमच्या बाई आहेत. त्यांना भुवनेश्वरच्या विमानात घ्या ना."

"बेटा, पूर्वी असतं तर काहीतरी केलं असतं मी. आता वाढपी माझं ऐकत नाही." प्रांजलीने पडदा तिच्याकडे वळवला. "त्या विमानात चार जागा आहेत अजून. थोड्या वेळात वाटून टाकेल तो. एक मानकरी, एक सोबती, मग बाकीचे. असं चालते हे."

"सोबती म्हणजे घरचाच लागतो?"

"नाही जी, कुणीही. मानकऱ्याने आपल्या पट्टीवर नाव सांगितलं की झालं. पण सांगते कोण? इथे येणारे बहुतेक एकटेच असतात." ती जरा वाकली. "भुवनेश्वरवाले त्या खिडकीकडे बसले आहेत. मी काही बोलले नाही हं."

शर्वरीने खिडकीकडे पाहिलं. सहा माणसं, एकमेकांपासून लांब लांब बसलेली. आणि प्रत्येकाच्या शेजारच्या खुर्चीवर बॅग. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तशी. फक्त एसटीतल्या रुमालाचा माणूस धापा टाकत का होईना, मागून येतो. इथल्या बॅगांचं कुणी येणारच नव्हतं.

ती पहिल्या खुर्चीपाशी गेली. राखी जाकिटातले एक गृहस्थ होते.

"काका, तुमच्या सोबत्याची जागा मोकळी आहे का?"

"मी कुणाच्या भानगडीत पडत नाही," ते म्हणाले. मानसुद्धा वर केली नाही.

शर्वरीचे कान तापले. मागून बाबांचा आवाज आला, "शर्वरी, इकडे ये. असं बरं दिसत नाही." ती गेली नाही. पुढच्या खुर्चीपाशी गेली.

तिथे रुग्णालयं तपासत देशभर फिरणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "सोबती? अगंबाई, मला सोबती असतो हेच मी विसरून गेले होते. नाव सांग तुझ्या मैत्रिणीचं."

एक गेली. पुढे एक तबलावादक होते, बोटं खुर्चीच्या हातावर सारखी चाललेली.

"मनोरा? किती थरांचा?"

"तीन."

"पडलात कधी?"

"खूपदा."

"मग ठीक आहे. पडले नाही म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. सांग नाव."

पलीकडे दोन तरुण इंजिनिअर होते. एकाच कंपनीचे, दर आठवड्याला एकाच विमानात, आणि वर्षभरात एकमेकांशी शब्द बोललेले नव्हते. पहिल्याने हो म्हटल्यावर दुसऱ्याला नाही म्हणवेना. चार झाल्या. खाली काचेतून दिसत होतं, एकेकीच्या मोबाइलवर हिरवा ठिपका उमटत होता आणि ती टुणकन उडी मारत होती.

उरल्या मुजावर बाई. प्रशिक्षक सोबत नसेल तर संघाला मैदानावर उतरता येत नाही, हा स्पर्धेचा नियम होता. शेवटच्या खुर्चीत एक बाई गाढ झोपल्या होत्या. शर्वरी त्यांच्यासमोर उभी राहिली. झोपलेल्या माणसाला उठवू नये, असं घरी शिकवलेलं. तिने घसा खाकरला, पाय वाजवून बघितले, पण त्या गालिच्यात कसला आवाज येतोय! शेवटी तिने मुद्दाम बॅग खाली पाडली.

"आलं का विमान?" बाई दचकून उठल्या. शर्वरीने एका दमात सगळं सांगितलं. बाई अर्धवट झोपेतच हसल्या आणि पट्टीवर बोलल्या, "शबनम दस्तगीर मुजावर."

पाच! शर्वरी पळतच काउंटरपाशी आली. प्रांजली मात्र पडद्याकडे बघत होती.

"चार जागा मोकळ्या होत्या ना," ती हळूच म्हणाली. "पाचव्या नावासाठी वाढप्याने एकाला उतरवलं."

"उतरवलं म्हणजे? कुणाला?"

"ज्याचा मान सगळ्यांत कमी. पहिल्यांदा उडणाऱ्याचा मान शून्य असतो."

शर्वरीला पुढचं ऐकायची गरज पडली नाही. काचेतून खाली दिसत होतं. भुवनेश्वर अजून हिरवंच होतं, पण शेवंताबाई डबा काखेत मारून या माणसाकडून त्या माणसाकडे जात होत्या, मोबाइल पुढे करत होत्या, आणि जो तो मान हलवून आपल्या वाटेने जात होता. त्यांचं विमान रद्दही झालेलं नव्हतं. त्यांची जागा फक्त गेली होती. मिळालेल्या चार जागाही कुणाच्या ना कुणाच्या होत्याच, पण ते चेहरे शर्वरीने पाहिले नव्हते. हा चेहरा पाहिला होता. याचा लाडू खाल्ला होता.

लिफ्टची वाट न बघता ती जिन्याने धावत सुटली. मागून बाबा.

खाली तेजूने तिला मिठीच मारली. "शर्वे, वाघीण आहेस तू! मघाशी मी रागात..."

शर्वरीने तिला बाजूला केलं. "मावशी, तुमची जागा माझ्यामुळे गेली."

"काहो बाई, पाटीवर तं हिरवंच हाये," शेवंताबाई म्हणाल्या. त्यांना ते नीट कळलंच नव्हतं. "हे काउंटरवरचं पोरगं म्हणते उद्या या. उद्या कसं? माह्या पोरीले आजच कळा लागल्या तं? तिले काय सांगू, थांब म्हणून?"

शर्वरीने सगळं सांगितलं. वाढपी, मान, सोबती, पाचवं नाव. शेवंताबाईंनी ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच शर्वरीला सोसवेना.

"पाचवी मी," मुजावर बाई म्हणाल्या. "मी थांबते."

"बाई, तुम्ही नसलात तर आम्हाला उतरूच देणार नाहीत," तेजू म्हणाली. या वेळी तिचा आवाज अगदी बारीक होता.

"मग मी थांबते," शर्वरी म्हणाली.

"आणि आम्ही हवेत चढू का?" तेजू म्हणाली.

 वर भुवनेश्वरच्या प्रवाशांना दाराकडे येण्याची सूचना सुरू झाली. शर्वरी खांबाला पाठ टेकून उभी होती, बोटं एकमेकांत अडकवत होती, सोडत होती.

"शर्वरी," बाबा म्हणाले, "मनोऱ्यात कुणी अडकलं तर काय करता तुम्ही?"

"अडकत नाही कुणी. वरची उतरते आधी."

"आणि ती नाही उतरली तर?"

"तर कुणालाच उतरता येत नाही, बाबा. खालची बिचारी किती वेळ धरणार?"

बाबांनी मनगटावरच्या पट्टीकडे पाहिलं.  मग शेवंताबाईंकडे वळून म्हणाले, "माझी जागा तुम्हाला देतो. तुमचं पूर्ण नाव सांगा बरं."

तोवर प्रांजली जिना उतरून आली होती. "सर, विचार करा. आपली जागा दुसऱ्याला द्यायची तर मान सोडावा लागतो, आणि तो सोडला की आजच्या दिवसापुरते तुम्ही शेवटच्या पंगतीत. तुम्हाला परवाचंच मिळेल. आणि हिची जागा तुमच्या मानावर आहे. तुम्ही उतरलात की हीपण उतरली. विमानाचं दार लागेपर्यंत वाढपी सोबत्याची जागा उरलेल्या मानकऱ्यांना विचारेल, सोबती आहे का म्हणून. कुणी नाही म्हटलं, की जागा दुसऱ्याला."

बाबांचं बोट थबकलं. त्यांनी शर्वरीकडे पाहिलं. तीन वर्षं खाली असते म्हणाली होती. तीन वर्षं त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं, आणि आज हे बोट टेकलं तर उद्याही दिसणार नव्हतं.

"पाच जण तर होऊन गेले," ते म्हणाले. "वर कोण उरलंय?"

"एक आहे," शर्वरी म्हणाली. "मला नाही म्हणालाय."

"मग?"

"तू उतर, बाबा. मी धरते."

त्यांनी शेवंताबाईंचं नाव उच्चारलं आणि पट्टी दाबली. शेवंताबाईंच्या हातातला मोबाइल हिरवा झाला, तसा तो त्यांच्या हातून निसटता निसटता राहिला. शर्वरीच्या मोबाइलवरचा ठिपका लाल झाला. बाबा रांगेच्या शेवटाकडे चालत गेले, आणि वीस वर्षांत पहिल्यांदाच एका अनोळखी माणसाला विचारते झाले, "इथे नंबर लावायचा का हो?"

शर्वरी दोन-दोन पायऱ्या टाकत जिना चढली. मानकऱ्यांच्या दारापाशी तिचा लाल ठिपका बघून यंत्राने आडवा दांडा खाली केला. मागून धापा टाकत प्रांजली आली.

"पाणी प्यायला आलीस ना?" ती म्हणाली आणि दांडा हाताने उचलून धरला. "जा. लवकर पी."

खिडकीकडच्या खुर्च्या रिकाम्या होत होत्या. तबलावादक गेले होते, चष्म्यावाल्या बाई निघाल्या होत्या. राखी जाकिटातले गृहस्थ तेवढे अजून बसलेले होते, कारण गर्दी सरल्याशिवाय ते उठत नसत. शेजारच्या खुर्चीवर त्यांची बॅग होती. मनगटावरच्या पट्टीवर वाढप्याचा प्रश्न उजळला होता. एक जागा मोकळी आहे. सोबती आहे का? त्यांनी तो नीट वाचलाही नाही. बोट सवयीने 'नाही'कडे निघालं.

या वेळी शर्वरीने काही विचारलं नाही. तिने खुर्चीवरची बॅग उचलली, अलगद खाली ठेवली, आणि त्या जागेवर बसली. चारही जणी खांद्यावर चढायच्या आधी बसते तशी, ताठ, श्वास धरून.

"आहे," ती म्हणाली.

बोट हवेतच थांबलं. गृहस्थांनी पहिल्यांदा मान वर केली. एरंडेलाचा वास असलेली एक रुंद खांद्यांची मुलगी त्यांच्याकडे बघत होती, आणि हलत नव्हती.

"नाव काय?" त्यांनी विचारलं.

शर्वरीने काचेतून खाली पाहिलं. खूप लांब रांगेच्या अगदी शेवटी बाबा उभे होते. मग ती पट्टीवर वाकली आणि तिने नाव सांगितलं. पूर्ण सांगितलं, स्वतःचं, बाबांचं आणि आडनाव. मधलं जरा मोठ्याने.